पथ्य सान्तोचं, सोसलं डुकरानं

"गोळी? आणि मी?" सान्तो मालारा खुर्चीतून अर्धा उठलाच! "डॉक्टरीणबाई, माझ्या परसात बर्गमोटची झाडं फळांनी वाकलीयत. मी कोलेस्टेरॉलला गोळी खायची म्हणजे समुद्रात उभं राहून शेजाऱ्याकडे चिमूटभर मीठ मागायचं!"

नुचेराबाईंनी रक्ताचा रिपोर्ट त्याच्याकडे सरकवला. "दोनशे नव्वद आहे, सान्तो. तुमचे वडील गेले तेव्हा वय काय होतं त्यांचं?"

"बासष्ट."

"आणि तुमचं?"

"एकसष्ट. पण वडील कुठं बर्गमोटचा रस प्यायचे?"

"तुम्ही पिता?"

"पिणार! उद्यापासून!"

आता खरं सांगायचं तर कोंदोलेओ गावात बर्गमोटचा रस कुणीच पीत नसे. लिंबाच्या जातीच्या या फळाच्या सालीतून अत्तरवाल्यांसाठी तेल काढायचं आणि उरलेला रस गटारात सोडायचा, ही गावाची जुनी रीत. रसाला लिंबाची आंबटाई, वर औषधाचा कडूपणा. तहानलेलं गाढवसुद्धा एकदा हुंगून पुढं जाई. पण त्या कडूपणातच रक्तातली चरबी उतरवणारं काहीतरी आहे, असं शहरातल्या लोकांच्या कानावर गेलं आणि गटारातला रस थेट बाटलीत जाऊन बसला. गावानं रस विकायला सुरुवात केली. प्यायला मात्र नाही.

"हे बघा," नुचेराबाई म्हणाल्या, "रसानं काही लोकांचं कोलेस्टेरॉल थोडंफार उतरलेलं दिसलंय, हे खोटं नाही. पण कुणाचं किती उतरेल, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आणि एकीकडं रस प्यायचा, दुसरीकडं सॉसेज हाणायचं, तर तो रस बिचारा काय करणार? खाणं आवरा, पायी फिरा. फेब्रुवारीअखेर परत रक्त बघू. उतरलं नाही, तर गोळी. मुकाट्यानं!"

सान्तोनं यातलं 'खोटं नाही' एवढंच ऐकलं.

तिथून तो सरळ चौकातल्या कॉफीच्या दुकानात गेला आणि उभ्या उभ्या जाहीर करून टाकलं, की फेब्रुवारीपर्यंत आपलं रक्त झऱ्याच्या पाण्यासारखं होणार. नेमका तिथं त्याचा मेव्हणा आगोस्तिनो बसला होता. हा बर्गमोटवाल्यांच्या सहकारी मंडळाचा अध्यक्ष. फेब्रुवारीअखेर जर्मनीहून एक मोठा व्यापारी रस बघायला यायचा होता आणि त्याच्यापुढं काय ठेवावं, या विवंचनेत आगोस्तिनोची झोप उडाली होती.

"दाजी!" आगोस्तिनोच्या कपातली कॉफी सांडली. "अहो, तुम्ही म्हणजे चालतीबोलती जाहिरात! तीन महिने रस प्या. व्यापाऱ्यासमोर तुमचा रिपोर्ट वाचू. सगळा गाव तुमच्या जिवावर तरून जाईल!"

हरभऱ्याच्या झाडावर चढवलेला माणूस खाली बघत नाही. सान्तोनं मिशीला पीळ दिला. "वाच की! मोठ्यानं वाच!"

चार दिवसांत गावभर पोस्टर लागलं. हातात पेला घेतलेला सान्तो आणि खाली ठळक अक्षरं : 'फेब्रुवारीत सान्तोचं रक्त बोलेल!'

त्याची बायको इम्मा चर्चच्या भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली.

"कसा दिसतोय?" सान्तोनं विचारलं.

"छान. पण या भिंतीवर आजवर फक्त गेलेल्या माणसांचे फोटो लागलेत, सान्तो. पेला तेवढा नीट पी."

दुसऱ्या दिवशी सकाळी इम्मानं दोन फळं पिळून काठोकाठ पेला भरला, त्याच्या हातात दिला आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. सान्तोनं एक मोठा घोट घेतला.

त्याची कानशिलं आवळली. जीभ घशाकडं पळाली. डोळे आत गेले ते बाहेर यायलाच तयार होईनात. आणि कित्येक वर्षांपूर्वी काढून टाकलेली दाढ जिथं होती, तिथं सणसणून कळ आली!

"कसा आहे?"

"डोकं... मोकळं... होतं," सान्तो कसाबसा बोलला.

त्या दिवशी दुपारपर्यंत त्याला पावाची चव लागली नाही. म्हणून पुढच्या सकाळी तो म्हणाला, "इम्मा, हा रस समुद्राकडं बघत प्यायला हवा. औषध उघड्या हवेत जास्त लागू पडतं."

परसात एका अंगाला गोठा, गोठ्यात डुक्कर, डुकरापुढं डोण आणि त्यापलीकडं समुद्र. सान्तोनं समुद्राकडं बघितलं, घराकडं बघितलं आणि पेला डोणीत उपडा केला. मग ओठ पुसत आत आला. "वा!"

ते डुक्कर म्हणजे इम्माचा जीव की प्राण. वसंतात हाताएवढं पिल्लू आणायचं, उष्ट्याखरकट्यावर, भोपळ्यावर, कोंड्यावर पोसायचं आणि जानेवारीत कापायचं. वर्षभराची चरबी, पावाला फासायची तिखटजाळ न्दुया, सॉसेजच्या माळा, सगळं त्याच्यातूनच निघायचं. शिवाय दरवर्षी इम्माचं डुक्कर भावजयीच्या डुकरापेक्षा वजनाला भारी भरायचं. तो मान तिनं कधी कुणाला घेऊ दिला नव्हता.

पहिल्या दिवशी डुकरानं डोणीत तोंड घातलं, दचकून मागं सरलं आणि सान्तोकडं असं काही बघितलं, की सान्तोनंच नजर चुकवली. पहिले काही आठवडे ते अर्धं खाणं तसंच टाकायचं. पुढं त्याला त्या रसाची गोडी लागली खरी, पण तोवर अंगावरचं मांस झडायला लागलं होतं.

"सान्तो, डुक्कर वाळत चाललंय," इम्मा म्हणाली.

"थंडी आहे."

"थंडीत डुकरं फुगतात!"

"मग ऊन लागलं असेल."

इम्मानं कातुत्सामावशीला बोलावणं धाडलं. अख्ख्या गावाची दृष्ट काढायचा मक्ता या मावशीकडं होता. ती आली, ताटलीत पाणी घेतलं, त्यात तेलाचे थेंब सोडले, पुटपुटायला लागली. पुटपुटता पुटपुटता तिला जांभई आली. मग दुसरी. मग जबडा निखळतो की काय अशी तिसरी! मावशीला जांभई आली म्हणजे दृष्ट लागलेली असणार, हे गावात लहान पोरालाही ठाऊक होतं.

"नजर आहे," मावशी डोळे पुसत म्हणाली. "पुरुषाची. परका नव्हे, घरातलाच! रोज सकाळी या गोठ्यापाशी येतो बघ."

सान्तो हळूच गोठ्याच्या दाराकडं सरकला. त्याला वाटलं, संपलं! आता मावशी बोट उचलणार आणि आपल्या छातीवर टेकवणार!

पण इम्माचे डोळे विस्फारले. "आगोस्तिनो!"

"अं?" सान्तो म्हणाला.

"रोज सकाळी फळांच्या पेट्या न्यायला तोच येतो ना परसात? परवा गोठ्यापाशी उभा राहून म्हणाला, 'ताई, तुझं डुक्कर यंदा काय म्हणतंय?' बायकोचं डुक्कर वरचढ ठरावं म्हणून सख्ख्या बहिणीच्या गोठ्यावर नजर! थांब, बघतेच!"

दुसऱ्या दिवशी आगोस्तिनो आला तेव्हा दार उघडलंच नाही. खिडकी तेवढी उघडली आणि खिडकीतून इम्मानं भावाची बालपणापासूनची सगळी पापं मोजली. पाचव्या वर्षी चोरलेल्या अंजिरांपासून!

"अगं ताई, मी काय केलं?" आगोस्तिनो खालून ओरडत होता. "दाजी! तुम्ही तरी सांगा हिला!"

दाजी पडद्याआड उभे होते. एक शब्द बोलले असते तर सगळंच बोलावं लागलं असतं. त्यांनी पडदा आणखी ओढून घेतला. मेव्हणा मान खाली घालून, रिकाम्या हातानं उतार उतरून गेला. त्याच्याकडं बघताना सान्तोला त्या दिवशी रस न पिताच तोंड कडू झाल्यासारखं वाटलं.

आता पुरे, असं ठरवून त्यानं एक दिवस पेला डुकराऐवजी जिरेनियमच्या कुंडीत ओतला. तर डुकरानं अशी किंकाळी फोडली, की इम्मा हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर धावली! जनावराला आता रसाची चटकच लागली होती. पेला डोणीत पडेपर्यंत ते गप्प बसेना. सान्तोनं मुकाट्यानं परत डोणीकडं मोहरा वळवला.

इम्मानं दुसरा उपाय काढला. तिच्या वडलांची ओकची राई वर डोंगरात होती. झाडाखाली ओकफळांचा सडा पडलेला. "रोज सकाळी रस झाला, की डुकराला घेऊन वर जायचं. पोटभर ओकफळं खाऊ दे त्याला. महिन्यात भरेल."

"रोज? चालत?"

"मग काय पालखीतून?"

सान्तो चालत निघाला. ती वाट म्हणजे अंगावर येणारी खडी चढण. पुढं डुक्कर दोरी ओढतंय, मागं सान्तो धापा टाकतोय! पहिल्या दिवशी तर तो वाटेतल्या प्रत्येक दगडावर बसला. लोकांना वाटलं, यात्रेला निघालाय. डुक्कर वर जाऊन ओकफळं खाई खरं, पण चढ-उतारात ती पार जिरून जात. पंधरवड्यात त्याचे पाय हरणासारखे झाले. कापायला आणलेलं जनावर शर्यतीला सोडावं असं दिसायला लागलं!

जानेवारी उजाडला. डुकरं कापणारा ब्रूनो सुऱ्यांचं बोचकं घेऊन आला. इम्मानं मोठं पातेलं चुलीवर चढवलं होतं, मीठ-मिरची मांडून ठेवली होती. ब्रूनोनं गोठ्यात वाकून बघितलं. पाठीवरून हात फिरवला. बरगड्या चाचपल्या.

"इम्माताई, हे डुक्कर आहे की शिकारी कुत्रा?"

"नजर लागलीय त्याला," इम्मा कष्टानं म्हणाली.

"याच्यात चरबी शोधायची तर दुर्बीण आणावी लागेल! याला कापलं, तर चार गावांत माझ्या सुरीचं नाव जाईल. पुढच्या वर्षी बघू." आणि त्यानं बोचकं काखोटीला मारलं.

त्या दिवशी इम्मा न जेवता झोपली. लग्नानंतर पहिल्यांदाच माळ्यावर सॉसेजची एकही माळ नव्हती. एरवी कमी पडलं तर भावाकडून टोपलीभर आलं असतं, पण तिकडचा रस्ता तिनंच बंद केला होता. मग काय, घरात रोज चण्याचं कालवण. नाहीतर घेवडा. नाहीतर रानातली कडसर भाजी आणि वर थोडं ऑलिव्हचं तेल. सान्तो पावाचा तुकडा ताटलीत फिरवायचा आणि रिकाम्या माळ्याकडं बघून उसासा टाकायचा. तक्रार कुठल्या तोंडानं करणार? डोंगरावरून उतरल्यावर भूक मात्र अशी लागायची, की घेवडासुद्धा गोड लागायचा. विजार घसरायला लागली तेव्हा त्यानं ती सुतळीनं बांधली.

फेब्रुवारीअखेर नुचेराबाईंनी रिपोर्ट बघितला. चष्मा पुसून परत बघितला.

"सव्वादोनशे! वजनही उतरलंय. सान्तो, केलंत तरी काय?"

"रस," सान्तो जमिनीकडं बघत म्हणाला.

"नुसता रस?"

"म्हणजे... रसामुळंच सगळं झालं म्हणायचं."

हे तसं खोटं नव्हतं!

संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. जर्मन व्यापारी ब्रेनरसाहेब पुढच्या रांगेत. इथली भाषा त्यांना छान यायची. एका टोकाला नुचेराबाई, दुसऱ्या टोकाला इम्मा. नवऱ्याची शोभा व्हायला नको म्हणून आली होती, पण भावाकडं पाठ करून बसली होती. आगोस्तिनोनं रिपोर्ट मोठ्यानं वाचला आणि टाळ्यांनी छत हादरलं. रस एवढा खपला तर गटारात जाणारं सगळं पीक बाटलीत जाणार होतं, हे तिथं प्रत्येकाला कळत होतं.

"कमाल आहे!" ब्रेनरसाहेब उठून म्हणाले. "आम्ही बाटलीवर हाच आकडा छापू. सान्तोसाहेब, आमच्यासमोर एक पेला पिऊन दाखवता?"

"त्यात काय! तीन महिने पितायत," म्हणत आगोस्तिनोनं जग उचलून पेला भरला. पेला कसला, फुलदाणीच होती ती!

सान्तोनं पेला हातात घेतला. त्यानं क्षणभर इकडंतिकडं बघितलं. जवळपास एकही डुक्कर नव्हतं. त्यानं डोळे मिटले आणि गटागटा पिऊन टाकला.

तो चेहरा कोंदोलेओत अजून कुणी विसरलेलं नाही. आधी नाक गेलं, मग मिशी गेली, मग हनुवटी वर येऊन कपाळाला भिडते की काय असं झालं! खांदे कानांपर्यंत चढले. एक पाय आपोआप उचलला गेला. डोळ्यांतून धारा लागल्या.

"भावनाविवश झालेत," ब्रेनरसाहेब हळूच म्हणाले.

पण पहिल्या रांगेत इम्मा ताठ झाली. तीन महिने रोज सकाळी जो माणूस हा रस पितो, त्याचा चेहरा असा होत नाही! तिला परस आठवलं. समुद्राकडं बघत प्यायचं औषध आठवलं. कुंडीतलं वाळलेलं जिरेनियम आठवलं. आणि डोण आठवली.

ती उठली. सान्तोनं ओल्या डोळ्यांनी ते बघितलं आणि रिकामा पेला पाठीमागं लपवला. पण इम्मा त्याच्याकडं आलीच नाही. सरळ आगोस्तिनोपुढं जाऊन उभी राहिली.

"तुझी नजर नव्हती रे लागली माझ्या डुकराला," ती म्हणाली. "मी उगाच तुला नाही नाही ते बोलले."

"मग कुणाची लागली?" आगोस्तिनो गोंधळून म्हणाला.

इम्मानं नवऱ्याकडं नुसती मान वळवली. "सांग की! रक्त बोलणार होतं ना? आता तूच बोल."

आगोस्तिनोनं रिपोर्ट वाचला तो माईक सान्तोच्या समोरच होता. पळायला दार लांब होतं. आणि खरं म्हणजे त्या उतारावरून रिकाम्या हातानं जाणारा मेव्हणा त्याच्या मनातून अजून गेला नव्हता.

"मंडळी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पहिला एक घोट आणि हा आत्ताचा पेला, एवढंच माझं. मधला सगळा रस डुक्कर प्यायलं. आगोस्तिनो, लेका, पडद्यामागं उभा होतो मी. चुकलं माझं."

मग मागच्या रांगेतून न्हावी ओरडला, "अहो, मग डुकराचं रक्त तपासा!" आणि सगळं सभागृह जे फुटलं! बायका पदर... नव्हे, शाली तोंडाला लावून लोळायला लागल्या. ब्रूनो मांडीवर थापा मारत म्हणाला, "तरीच! तरीच!"

आगोस्तिनो मात्र पांढरा पडला होता. त्यानं ब्रेनरसाहेबांकडं बघितलं. साहेब आता हसत नव्हते. "पण मग यांचं कोलेस्टेरॉल उतरलं कशानं?"

नुचेराबाई उभ्या राहिल्या. "मी सांगते. डुक्कर वाळलं म्हणून घरात चरबी आली नाही. सॉसेज आलं नाही. हे घेवडा नि चणे खात राहिले आणि रोज डोंगर चढले. कोलेस्टेरॉल त्यानं उतरलं. रसाचा काही लोकांना थोडा उपयोग होताना दिसलाय, ते मी नाकारत नाही. पण आज तुमच्यासमोर उभा असलेला पुरावा रसाचा नाही, साहेब. घेवड्याचा आहे."

"म्हणजे आकडा छापता येणार नाही."

"नाही."

ब्रेनरसाहेबांनी उरलेला रस स्वतःच्या पेल्यात ओतला, घोटभर घेतला आणि त्यांचीही मिशी नाहीशी झाली. पूर्ववत व्हायला त्यांना वेळ लागला. "नुसता रस म्हणून नेईन," ते शेवटी म्हणाले. "औषध म्हणून नाही. ठरवला होता त्याच्या निम्मा. लोक थोडं पाणी नि मध घालून पितील."

"निम्माच!" आगोस्तिनो कण्हला.

"खोट्यावर सगळा गेला असता, तर पुढच्या वर्षी तेवढाही राहिला नसता," इम्मा म्हणाली आणि भावाच्या दंडाला धरून त्याला घरी घेऊन गेली. जेवायला घेवडा होता. त्यानं दोनदा मागून घेतला.

डुक्कर कापायचा विषय त्यानंतर निघालाच नाही. नुचेराबाईंनी 'जे करताय ते सोडायचं नाही' असं निक्षून सांगितलं होतं आणि सान्तोला डोंगरावर ओढून न्यायला दुसरं कुणी तयारही नव्हतं. घेवडाही चालू राहिला. फक्त एका बाबतीत इम्मानं बदल केला.

"बाईंनी रसाला नाही म्हटलेलं नाही," ती दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली. "गावभर फुशारकी मारलीस ना? मग आता पी. इथं. माझ्यासमोर. तोंड मिटून गिळायचं!"

सान्तोनं पेला तोंडाला लावला. तेवढ्यात आपला वाटा चुकलाय, हे परसातल्या डुकराच्या ध्यानात आलं आणि त्यानं अशी काही किंकाळी फोडली, की सगळी गल्ली दारात येऊन उभी राहिली.

"सान्तो!" कातुत्सामावशी कुंपणावरून ओरडली. "अरे, त्या मुक्या जनावराचं असं काय हिरावून घेतलंस रे?"

सान्तोच्या तोंडात घोट होता. त्याला बोलता येईना.